लेगरला वास मारतोय? ओतून द्यायच्या आधी हे वाचा

लेगर म्हणजे थंडीत आंबवून थंडच मुरवलेली बिअर, तिचं एक आहे, तिच्यात काही लपत नाही. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा कडवटपणा असतोय, आयपीएमध्ये हॉप्स नावाच्या कडू फुलांचा नुसता धुरळा असतोय, गव्हाच्या बिअरला तर केळं आणि लवंग यायलाच पाहिजे, त्यामुळं तिथं थोडं इकडंतिकडं झालं तरी पिणाऱ्याला पत्ता लागत नाही. लेगर म्हणजे पाणी, फिकट माल्ट, जरासे हॉप्स आणि यीस्ट, म्हणजे आंबवणारं खमीर, संपला विषय. त्यात लोण्याचा वास आला की तो पहिल्याच घोटाला कळतो.

परदेशात राहून घरीच बिअर करणाऱ्या आपल्या पोरांचे मला जे मेसेज येतात ते बहुतेक एकाच साच्यातले, "मामा, बिअरला कसला तरी वास येतोय, टाकून देऊ का?" भाचा म्युनिकला, त्याचे दोस्त कुठं कुठं, सगळ्यांचा मामा मीच. कसला वास म्हणून विचारलं की उत्तर येतं "कसला तरीच". आता "कसला तरीच" वर काय औषध सांगणार. वास नेमका ओळखता आला पाहिजे, तो कुठल्या टप्प्यावर शिरला ते कळलं पाहिजे, आणि तो थांबल्यावर जाणारा आहे की कायमचा हे ठरवता आलं पाहिजे, मगच बादली उचलायची.

कोल्हापुरात बसून वाचणाऱ्यांसाठी आधीच स्पष्ट सांगतो. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं हा त्यात गुन्हा आहे, बिअर पण त्यात आली, घरच्यापुरती करतोय म्हणून कुणी सोडत नाही. तर हे लिहितोय ते जिथं चालतं तिथल्या लोकांसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला लायसन लागत नाही, अमेरिकेत केंद्राचा कायदा १९७८ ला झाला, जर्मनीत चालतं पण वर्षाला किती लिटर त्याची मर्यादा आहे, आपापल्या देशाचं आपण बघून घ्यायचं. मी पण बाहेर होतो तेव्हाच करत होतो, कोल्हापुरात आल्यापासून फक्त नाक चालू ठेवलंय.

आणि नाकाच्या सरावाला काही लायसन लागत नाही, म्हणून तिथनंच सुरू करू.

आधी नाक तयार करा

दुकानातनं साधी फिकट लेगर आणा, हिरव्या बाटलीतली मिळाली तर बरं, पण खोक्यातली घ्या, बाहेर शेल्फवर ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी असलेली नको. चार ग्लासात ओता. एक तसाच ठेवा, तुलनेला. दुसऱ्यात बटर इसेन्स, बेकरीचं सामान विकतात तिथं मिळतंय, पण थेंबभर टाकू नका, टूथपिकचं टोक इसेन्समध्ये बुडवायचं आणि ते ग्लासात ढवळायचं एवढंच, कारण त्या इसेन्समध्ये बहुतेक वेळा तेच डायअसेटिल असतंय जे बिअरमध्ये येतं. तिसऱ्यात डब्यातल्या स्वीटकॉर्नचं पाणी चहाचा एक चमचा. चौथा ग्लास थेट उन्हात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कोल्हापूरच्या मार्चमधल्या उन्हाला तर तेवढीही लागायची नाहीत. बाजूला एक हिरवं सफरचंद कापून ठेवा, एक अंडं मुद्दाम जास्त उकडून सोला, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा पाण्यात भिजवून ठेवा.

आता दुसऱ्याला सांगा ग्लास फिरवून द्यायला आणि डोळे मिटून ओळखा. पहिल्या वेळी हमखास गोंधळ होतो, मका आणि लोणी यातच लोक अडकतात. ग्लासवर तळहात ठेवून फिरवायचं, हात काढला की लगेच छोटे छोटे हुंगायचं, मोठा श्वास ओढला की नाक लगेच थकतं. बर्फासारखी गार बिअर हुंगू नका, थंडीत वास दबून राहतो, आठ-दहा अंशाला आली की खरं रूप दाखवती. आणि दुपारी तांबडा-पांढरा ओरपला असेल तर हे काम संध्याकाळवर ढकला, त्या तिखटानंतर जिभेला साधी लेगर म्हणजे पाणीच लागणार.

एवढं झालं की पुढचं सगळं सोपं आहे. वास दोन जातीचे असतात. काही यीस्टनं केलेले आणि यीस्टच आवरणार असे: लोणी, उकडलेलं अंडं, हिरवं सफरचंद. यांना वेळ आणि जरा ऊब दिली की बहुतेक जातात, आणि पोरं नेमक्या याच बॅचा घाईनं ओतून देतात. दुसरे म्हणजे उकडलेला मका, ओला पुठ्ठा, दवाखान्याचा वास, उन्हाचा वास, आंबट. हे फ्रिजात सहा महिने ठेवलं तरी तिथंच असणार, किंवा वाढणार. त्यांचा बंदोबस्त पुढच्या बॅचला.

लोणी

याच्यावर जास्त बोलतो कारण लेगरमध्ये सगळ्यात जास्त हेच होतं. आणि आपल्या लोकांची अडचण अशी की हा वास आपल्याला आवडतो. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेला माणूस, त्याला लोण्याचा वास आला की वाटतं वा, काय माल्ट उतरलाय. तो माल्ट नाही. जिभेवर जरा बुळबुळीत, गुळगुळीत वाटलं आणि मागनं पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास आला की समजा डायअसेटिल आहे. फिकट लेगरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी सरावलेल्या नाकाला कळतं, म्हणजे किती कमी बघा.

हे येतं कुठनं ते समजून घ्या कारण उपाय त्यातच आहे. यीस्ट वाढत असताना व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल स्वतःसाठी तयार करतं, त्या वाटेवर एक मधला पदार्थ होतो, अल्फा-असिटोलॅक्टेट, त्यातला काही पेशीच्या बाहेर बिअरमध्ये गळतो. त्याला वास नसतो. पण बिअरमध्ये पडल्या पडल्या त्याचं आपोआप हळूहळू डायअसेटिल होतं, त्यात यीस्टचा काही हात नाही, नुसती रसायनाची क्रिया, थंडीत रेंगाळत आणि उबेत भरभर. मग तयार झालेलं डायअसेटिल यीस्ट परत आत ओढून घेतं आणि त्याचं असं काहीतरी करून टाकतं की ज्याला आपल्या नाकापुरता वास राहत नाही. म्हणजे दोन गोष्टी पाहिजेत, ऊब आणि जागं यीस्ट. आणि आपण काय करतो, फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, संपत आलं की लगेच एक अंशाला नेऊन ठेवतो, यीस्ट झोपतं, वास नसलेला पदार्थ तसाच बिअरमध्ये पडून राहतो, बाटलीत भरताना बिअर एकदम स्वच्छ लागते आणि महिन्याभरानं बाटली उघडली की लोणी. मग पोरं म्हणतात बाटली खराब होती.

म्हणून डायअसेटिल रेस्ट, म्हणजे शेवटी ऊब देऊन थांबणं. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाईल तशी ती उतरते. समजा सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४८ होती आणि शेवट १.०१० ला अपेक्षित आहे, तर १.०१६ ते १.०१४ च्या दरम्यान आली की तापमान १६-१८ अंशापर्यंत वर जाऊ द्यायचं. घाबरू नका, केळ्याचे वगैरे वास फर्मेंटेशनच्या सुरुवातीच्या दिवसांत ठरतात, आता शेवटी उष्णता दिली म्हणून बिअरचं काही बिघडत नाही. तीन-चार दिवस तरी ठेवा. पण दिवस मोजून खाली उतरवू नका, टेस्ट करून उतरवा.

टेस्ट अशी. झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या, दोन्हीत थोडी थोडी बिअर. एक बरणी ६०-७० अंशाच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उभी करा, दुसरी तशीच बाहेर. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून झाकण उघडून हुंगा. गरम केलेलीला लोणी आणि दुसरीला नाही, म्हणजे छुपा माल अजून आत आहे, आणखी दोन दिवस थांबा आणि परत करा. दोन्हीला लोणी, म्हणजे अजून बरंच थांबायचंय. दोन्ही स्वच्छ, मगच थंड करायला घ्या. फुकटची टेस्ट आहे, पण करत कुणी नाही, सगळ्यांना नवीन स्टीलचा फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, पाहिजे असतो.

आणि बाटल्या भरून झाल्यावर लक्षात आलं तर? बाटलीत साखर घालून गॅस केला असेल तर आत यीस्ट जिवंत आहे, बाटल्या फ्रिजातनं काढून खोलीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे अंधारात ठेवा, बऱ्याच वेळा सुटतं. केगमध्ये, म्हणजे बिअरच्या पिंपात असेल तर केग १८ अंशाला आणून त्यात दुसऱ्या बॅचची ऐन फेसावर आलेली वर्ट (माल्टचं गोड पाणी) साधारण दहा टक्के घालायची, जर्मन लोक हे फार पूर्वीपासून करतात, क्रॉयझनिंग म्हणतात. नुसतं पाकीट फोडून कोरडं यीस्ट वरनं भुरभुरवलं तर अल्कोहोलमध्ये पडून ते बिचारं तसंच तळाला जाऊन बसतं, उपयोग जवळजवळ शून्य. एक अपवाद आहे, लोण्याचा वास दिवसेंदिवस वाढत चाललाय आणि जोडीला आंबटपणा पण येतोय, तर ते यीस्टचं काम नाही, पेडिओकोकस नावाचा जिवाणू शिरलाय, तिथं मात्र हात टेका.

उकडलेलं अंडं आणि हिरवं सफरचंद

गंधकाचा वास आला की लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं तर घाबरायचं सगळ्यात कमी कारण इथं आहे. लेगर यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडतंच, काही जाती तर अशा की फर्मेंटेशनच्या ऐन भरात खोलीत शिरवत नाही, घरातली माणसं ड्रेनेज तुंबलं का म्हणून विचारतात. तो वायू आहे, कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर निघून जातो, राहिलेला लेगरिंगमध्ये, म्हणजे शून्य ते चार अंशाला काही आठवडे ठेवलं की कमी होत जातो. तेवढं करूनही राहिला तर बघायचं यीस्ट अशक्त होतं का, त्याला खायला पुरेसं नायट्रोजन मिळालं का. माल्टऐवजी साखर किंवा तांदूळ जास्त घातला असेल तर ते कमी पडू शकतं, चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट पुढच्या वेळी उकळताना टाका.

हिरव्या सफरचंदाचा, कच्च्या भोपळ्यासारखाही कुणाकुणाला लागतो, तो असिटाल्डिहाइड. साखरेचं अल्कोहोल होताना शेवटच्या पायरीच्या आधी हेच असतं, म्हणजे बिअर अजून झालेलीच नाही एवढाच त्याचा अर्थ. यीस्टवरनं लवकर काढली, लवकर थंड केली, की हे मागं राहतं. जी ऊब लोण्याला लागते तीच इथं लागते, वेगळं काही करायची गरज नाही. फक्त सफरचंदाबरोबर झणझणीत व्हिनेगर पण यायला लागलं तर तिथं हवा आणि ॲसिटोबॅक्टर दोन्ही पोचलेत, ती बिअर आता बिअर नाही.

यीस्ट कमी पडलं की सगळंच बिघडतं

वरचे तिन्ही वास जास्त येतात कधी, तर यीस्ट कमी टाकल्यावर. लेगर थंडीत होते म्हणून तिला एलच्या, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरच्या, दुप्पट यीस्ट लागतं, हिशेब असा धरतात की एलला दर मिलिलिटरला दर अंश प्लेटोमागं (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप) पाऊण दशलक्ष पेशी आणि लेगरला दीड दशलक्ष. २० लिटर, १२ प्लेटो, म्हणजे ३६० अब्ज पेशी. आकडा बघून गरगरू नका, व्यवहारात याचा अर्थ कोरड्या लेगर यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटं, एक नाही. डब्ल्यू-३४/७० सारख्या कोरड्या लेगर यीस्टला हेक्टोलिटरला, म्हणजे शंभर लिटरला, ८० ते १२० ग्रॅम सांगतात, २० लिटरला १६ ते २४ ग्रॅम होतात, गणित तिथंच येतं. द्रव यीस्टची एक पिशवी असेल तर आधी स्टार्टर करून ते वाढवून घ्या. पाकिटाचे पैसे वाचवायला जाऊन २० लिटर बिअर घालवायची हा कुठला हिशेब.

दुसरं, वर्ट गार व्हायच्या आधी यीस्ट टाकायची घाई. २५ अंशाला टाकायचं आणि मग फ्रिजात ढकलायचं, असं केलं की यीस्ट उबेत भराभर वाढतं, केळ्याच्या आणि नेलपॉलिशसारख्या वासाचे पदार्थ, म्हणजे एस्टर, करून ठेवतं, लोण्याचा कच्चा माल पण भरपूर सोडतं, आणि हे एस्टर पुढं कुणी साफ करत नाही. दहा-बारा अंशाला आणून मग टाका, रात्रभर थांबायला लागलं तरी चालतंय, भांडं झाकलेलं आणि स्वच्छ असलं म्हणजे झालं.

तिसरं, थर्मामीटर फ्रिजच्या हवेत लटकवायचा नाही. फर्मेंटेशन जोरात असताना आतली बिअर हवेपेक्षा दोन-तीन अंश सहज गरम असती. सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि वरनं फोमचा तुकडा लावून टेप मारा. थंडीची एवढी कटकट का तर ही बिअर जन्मलीच थंडीत. बव्हेरियात १५५३ ला हुकूम निघाला होता की २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची, उन्हाळ्यातली बिअर नासायची म्हणून. थंडीत तग धरणारं यीस्टच मग त्या तळघरांत टिकलं, आणि ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं १८८३ ला कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेननं. त्याच्या आधीचे लोक कसल्या कसल्या वासांशी झुंजत असतील देव जाणे.

उकडलेला मका

हा डायमिथाइल सल्फाइड, थोडक्यात डीएमएस. रंकाळ्यावर संध्याकाळी मक्याची कणसं उकडत असतात तो वास, कधी कधी शिजलेल्या कोबीकडं पण झुकतो. पिल्सनर माल्टमध्ये एसएमएम नावाचा पदार्थ असतो, माल्ट फिकट राहावा म्हणून तो हलक्या आचेवर वाळवतात त्यामुळं तो तसाच शिल्लक राहतो, गडद माल्टमध्ये भट्टीतच जळून गेलेला असतो. वर्ट तापली की त्याचं डीएमएस होतं, आणि डीएमएस ३७ अंशालाच उकळणारा पदार्थ, वाफेबरोबर लगेच उडून जातो. उडू दिला तर.

इथंच लोक झाकण ठेवतात. गॅस वाचतो, लवकर उकळी येते, स्वयंपाकघरात वाफ होत नाही, सगळं खरं, पण झाकणाला लागलेलं पाणी परत भांड्यात ठिबकतं आणि त्याच्याबरोबर सगळा मका परत आत. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर काहिलीवर झाकण बघितलंय का कधी कुणी? उघडी काहील, वर वाफेचा लोट, तसंच इथं पाहिजे. भांडं उघडं, उकळी खळखळती, नुसती बुडबुड नाही.

आणि वेळ. उकळत्या वर्टमध्ये एसएमएम निम्मं व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात, म्हणजे तासाभरानं एक तृतीयांशच्या आसपास उरतं, दीड तासानं एक पंचमांश. म्हणून शंभर टक्के पिल्सनर माल्ट असेल तर ९० मिनिटं उकळा. उंचीचाही थोडा फरक पडतो, म्युनिक समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या थोडं वर, आपलं कोल्हापूर पण साधारण साडेपाचशे, दोन्हीकडं पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, तेवढं रूपांतर जरा हळू. माल्ट एक्स्ट्रॅक्टवर करत असाल तर ही काळजी बरीच कमी, ते कारखान्यातच उकळून आलेलं असतं.

गॅस बंद केल्यावर पण खेळ संपत नाही. वर्ट गरम आहे तोवर एसएमएमचं डीएमएस होत राहतं पण आता वाफ नाही, म्हणजे ते आतच साठतं. म्हणून गॅस बंद झाला की लगेच गार करायला घ्यायचं, तांब्याच्या नळीचा चिलर असेल तर उत्तम, नसेल तर बर्फाच्या पाण्याच्या टबात भांडं ठेवून पाणी बदलत राहायचं. एकदा तयार बिअरमध्ये मका आला की घरी काढता येत नाही. जोमदार फर्मेंटेशनचे बुडबुडे थोडा नेतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

दवाखाना, ऊन आणि पुठ्ठा

बँडेजची पट्टी, डेटॉल, असला वास आला तर आधी पाण्याकडं बघा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल एकत्र आले की क्लोरोफिनॉल होतं आणि ते इतकं कमी असताना कळतं की एकदा आलं म्हणजे बॅच गेलीच. साधं क्लोरीन पाणी उकळून किंवा उघडं ठेवून जातं, पण परदेशात बऱ्याच शहरांत क्लोरामाइन घालतात, ते असं जात नाही. कॅम्पडेनची, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या सल्फाइटची, अर्धी गोळी चुरून ब्रूइंगच्या सगळ्या पाण्यात ढवळायची, तीस-चाळीस लिटरला पुरते, काही मिनिटांत काम होतं. आणि भांडी ब्लीचनं धुवायची सवय असेल तर सोडा, न विसळता चालणारं ॲसिडवालं सॅनिटायझर मिळतं ते वापरा. दवाखान्याऐवजी लवंगेचा वास असेल तर ते पाणी नाही, जंगली यीस्ट आहे, कारण लेगर यीस्ट लवंग करतच नाही.

उन्हाचा वास तुम्ही चौथ्या ग्लासात घेतलाच असेल. हॉप्समधला कडू पदार्थ उजेडानं तुटतो, गंधकाशी जुळतो आणि त्याचा जो थिऑल होतो तो फार उग्र, इंग्रजीत त्याला स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव देतात, तो प्राणी आपल्याकडं नाही, मला तर तो जळक्या रबराकडं झुकणारा वाटतो. तपकिरी बाटली बराच उजेड अडवते, हिरवी फार थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. कार्बॉयमध्ये, म्हणजे काचेच्या मोठ्या बरणीत, फर्मेंट करत असाल तर त्यावर जुनं ब्लँकेट गुंडाळा. बाल्कनीत उन्हात बसून पांढऱ्या ग्लासातनं पिणार असाल तर लवकर प्या, एवढाच सल्ला.

पुठ्ठा मात्र चोरपावलांनी येतो. बिअर पहिल्या महिन्यात छान, दुसऱ्यात जरा मंद, तिसऱ्यात वहीच्या पानासारखी कागदी, मग ओला पुठ्ठा. हा ऑक्सिजनचा प्रताप, यीस्ट टाकायच्या आधी वर्टला हवा हवी असते पण फर्मेंटेशन सुरू झाल्यावर हवेचा एक घोट नको. बाटली भरताना नळी थेट तळाला टेकवा, धार वरनं पाडू नका, सायफन करताना खळखळ आवाज आला म्हणजे हवा चाललीच आत. अजून एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, फर्मेंटर थंड करताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधनं (वायू बाहेर सोडणारं झाकणावरचं पाण्याचं बूच) बाहेरची हवा, कधी कधी सॅनिटायझर सकट, आत ओढतो. थंड करायच्या आधी एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइडनं भरलेला फुगा लावा. आणि भरलेली बिअर थंडच ठेवा, उष्णतेत सगळं भराभर शिळं होतं. त्यामुळं तिकडनं मे महिन्यात बॅगेतनं बाटल्या आणून मामाला चाखायला देणाऱ्यांनी माझ्या मताची फार अपेक्षा ठेवू नये.

चहा जास्त उकळल्यासारखं तोंड कोरडं पडत असेल तर तो वास नाही, तुरटपणा आहे, माल्टच्या दाण्यांची साल ओरबाडली गेली. धान्यातली साखर धुऊन काढायचं पाणी ७७ अंशाच्या वर नेऊ नका आणि शेवटची पातळ धार पिळून पिळून घेऊ नका, सोडून द्या.

गूळ घालू का?

हा प्रश्न कोल्हापूरच्या प्रत्येकाकडनं येतो म्हणून वेगळा लिहितोय. वास झाकायला म्हणून बिलकुल नको. गुळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, गोडवा राहत नाही, राहते ती मळीची खारट-कडवट चव, आणि बिअर पातळ होते ते वेगळंच. लोणी अधिक गूळ असलं काहीतरी तयार होईल, पुरणपोळीला चाललं असतं. गूळ घालायचाच असेल तर गडद एलमध्ये घाला, तिथं त्याला शोभा आहे. तसंच संत्र्याची साल, धणे, आलं टाकून मका झाकता येईल का, तर नाही, मका अधिक धणे असं लागतं.

मग टाकायची कुठली

लोणी, अंडं, सफरचंद, हे असेल तर ऊब द्या, टेस्ट करा, महिनाभर तरी ओतून द्यायचं नाव काढू नका. मका थोडा असेल तर पिऊन टाका, मटणाबरोबर कुणाला कळत नाही, झणझणीत रस्सा समोर असला की माणूस बिअर हुंगत बसत नाही. पुठ्ठा नुकता सुरू झाला असेल तर सगळ्या बाटल्या फ्रिजात आणि पंधरा दिवसांत संपवा. दवाखाना, वाढता आंबटपणा, पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढरी साय, हे असेल तर ओता. आणि बाटल्यांमध्ये गॅस दर आठवड्याला वाढत चालला असेल, उघडताना कारंजं उडत असेल, तर चव कशी का असेना, बाकीच्या बाटल्या आधी गार करा, मग फडक्यात गुंडाळून सावकाश एक एक उघडून रिकाम्या करा, काच फुटून डोळ्याला लागलेलं परवडायचं नाही.

आंबटपणाची बॅच गेली की प्लॅस्टिकच्या नळ्या, नळाचे रबरी वायसर आणि ओरखडे पडलेली बादली सरळ फेका, उकळून, घासून, काहीही करून त्या ओरखड्यातला जिवाणू हमखास निघेल याची खात्री नसते, आणि नळी नवीन घ्यायला लागतात ते पैसे माल्टच्या एका पोत्यापेक्षा कितीतरी कमी. स्टीलचा फर्मेंटर असेल तर त्याचा नळ खोलून सुटा करा, आत आट्यांमध्ये काळपट चिकट थर सापडतो का बघा. बहुतेक वेळा तिथंच सापडतो.